टर्टुलियनची तीन पानं

वाई, ९ ऑगस्ट २०२४

प्रिय वर्धमान,

तुझी नोंद मिळाली. नोंद कसली, बाड मिळालं. पोस्टमनने ते दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "साहेब, कोर्टाचं हाय का?"

मी तुझ्याकडे काय मागितलं होतं? 'आद्य ख्रिस्ती विचारवंत आणि त्यांचा कॅथलिक धर्मशास्त्रावरील प्रभाव', शब्दमर्यादा पंधराशे. तू पाठवलीस चौऱ्याहत्तर पानं. तीही त्रिशलावहिनींच्या मोत्यासारख्या अक्षरात, त्यामुळे 'अक्षर लागत नाही' अशी सबब सांगून परत करायचीही सोय राहिली नाही. सगळी वाचली आणि चहा गार झाला.

त्रैक्याच्या सिद्धान्ताला तू अडीच ओळी दिल्यास. ओरिजेन एका वाक्यात आला आणि त्याच वाक्यात गेला. अँब्रोज आणि जेरोम यांची नुसती हजेरी. आणि इसवी सन दोनशेच्या सुमारास टर्टुलियन कुठेतरी म्हणाला की लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई कशाला, थांबा. त्याला तीन पानं! मग सिप्रियन नावाचा बिशप म्हणतो, आठ दिवससुद्धा थांबू नका, त्याला चार. मग ऑगस्टीन. बाप्तिस्मा न होताच गेलेल्या अर्भकांचं पुढे काय होतं, यावर अकरा. अरे, आम्ही धर्मविचार कोश काढतोय, मुंजीचा मुहूर्त काढत नाही! तू चौतीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलंस, मुलांच्या उत्तरपत्रिकेत 'विषयांतर' असं लाल शाईने लिहीत आलास. आता मी काय लिहू?

कोशाचा पहिला खंड तुझ्या या एका नोंदीपायी छापखान्याच्या दारात खोळंबलाय. मोबाईल तू उचलत नाहीस, ई-मेल तू उघडत नाहीस, म्हणून आपल्या खोलीवरच्या दिवसांसारखं पत्र लिहितोय. पंधरा दिवसांत पंधराशे शब्द हवेत.

नातीचे पंचेचाळीस दिवस होऊन गेले असतील ना? जूनमध्ये फोनवर तू इतका ओरडत होतास की मला मोबाईल कानापासून लांब धरावा लागला. तुमच्या जैन रिवाजाप्रमाणे मंदिरात नेऊन कानात णमोकार मंत्र सांगून झाला का? सुनेच्या चर्चमध्येही काही समारंभ झाला असेल. फोटो पाठव.

तुझा,
देवदत्त


सांगली, १६ ऑगस्ट २०२४

प्रिय देवदत्त,

तुझं पत्र मिळालं. भाषा संपादकाला शोभणारी नव्हती.

दोन हजार वर्षं पंधराशे शब्दांत बसवायची तर वर्षाला एक शब्दही मिळत नाही. ओरिजेन आणि त्रैक्य याबद्दल लिहिणारे शंभर जण मिळतील. टर्टुलियनचं ते मत मात्र कुणी नीट मांडत नाही. बाप्तिस्मा लांबवा असं म्हणणारा माणूस त्या काळात होता, तो मूर्ख नव्हता, निर्दयही नव्हता, हे वाचकाला कळलं पाहिजे. ती तीन पानं जशीच्या तशी राहतील. ऑगस्टीनची अकराही राहतील, कारण पुढची हजार वर्षं चर्च या प्रश्नावर त्याच्याच सावलीत बसलं.

तुला कापाकापीच करायची असेल तर 'परक्याने दिलेला बाप्तिस्मा' हा भाग काढ. त्यातला वाद इतकाच: चर्चबाहेरच्या किंवा चुकलेल्या माणसाने बाप्तिस्मा दिला तर तो खरा मानायचा का? सिप्रियन म्हणाला, नाही. दीडशे वर्षांनी ऑगस्टीन म्हणाला, खरा. पाणी घालणारा कोण आहे याला महत्त्व नाही, कारण देणारा अखेर ख्रिस्तच. पुढे चर्चने ऑगस्टीनचं मानलं. आज हे भांडण कुणाच्याच उपयोगाचं नाही. त्या सहा पानांच्या माझ्याकडच्या प्रतीवर मी लाल शाईने काट मारून ती सोबत जोडली आहे.

घरी सगळं ठीक. त्रिशलेचं मनगट लिहून लिहून दुखतं.

तुझा,
वर्धमान


वाई, २७ ऑगस्ट २०२४

वर्धमान,

घरी सगळं ठीक?

काल मी तुझ्या सम्मेदच्या मोबाईलवर फोन लावला. तो कुपवाडला कारखान्यात होता, मागे यंत्रांचा आवाज. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "काय रे, लेक काय म्हणतेय?" तो बोलेना. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. म्हणून मी तेच पुन्हा, आणखी मोठ्याने विचारलं. मग तो म्हणाला, "काका, बाळ गेलं. सहा जुलैला. बाबा म्हनाले, कुनाला कळवायचं न्हाई."

समोर आमचे दोन मुद्रितशोधक बसले होते. मी फोन ठेवला आणि त्यांना जेवायला जा म्हणालो, सकाळी साडेदहाला.

तुझ्या अबोल स्वभावाचं कौतुक मी पन्नास वर्षं केलं. आज त्याची चीड येतेय. मी तुझ्याकडे फोटो मागितला रे! मुहूर्ताच्या कोट्या केल्या. आणि तू शांतपणे मला संपादकाच्या भाषेबद्दल सुनावलंस. एक ओळ लिहिली असतीस, 'देवा, बाळ राहिलं नाही', तर मी त्या दुपारी गाडी धरून आलो नसतो का? मी इतका परका कधी झालो?

सम्मेद म्हणाला, जसिंता जुलैपासून माहेरी वसईला आहे. फोनवर त्याच्याशीही जेमतेम बोलते.

आता मला खरं सांग. ती चौऱ्याहत्तर पानं तू कुणासाठी लिहिलीस? आमच्या कोशासाठी नाही, एवढं मला समजलं.

देवदत्त


सांगली, ३ सप्टेंबर २०२४

प्रिय देवा,

तू रागावलास ते योग्यच आहे. सांगतो.

जसिंताला बाळाचा बाप्तिस्मा दुसऱ्याच रविवारी करायचा होता. इथल्या चर्चमधल्या फादरांशी तिचं बोलणंही झालं होतं. मी म्हटलं, आपल्याकडे पंचेचाळीस दिवसांनी मूल मंदिरात नेतात, कानात णमोकार सांगतात. आधी ते होऊ दे, मग तुमचं करा, आम्ही सगळे येऊ. मी भांडलो नाही. गोड बोललो. तिनेही माझा मान ठेवला, 'बरं बाबा' म्हणाली. पुढे बाळाला जंतुसंसर्ग झाला, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, तेव्हाही मी 'आता करून टाका' असं म्हटलं नाही. मला ते अशुभ वाटलं. चोविसाव्या दिवशी बाळ गेलं.

वसईला जाताना जसिंताने मला विचारलं, "बाबा, तुम्ही एवढं वाचता. ती आता कुठे आहे?"

आपल्या घरात याचं उत्तर आहे. जीव पुढच्या जन्माला गेला. पण ती मला माझं उत्तर विचारत नव्हती. तिच्या आजीने लहानपणी सांगून ठेवलंय की पाणी न पडलेलं बाळ स्वर्गाच्या दाराबाहेर राहतं. मी वाचत सुटलो. ऑगस्टीन म्हणतो, अशा बाळांना शिक्षा आहे, पण सगळ्यांत सौम्य. मध्ययुगातले पंडित म्हणतात, शिक्षा नाही, पण देवाचं दर्शनही नाही. त्या जागेला लिम्बो म्हणायचं. २००७ साली व्हॅटिकनच्या एका आयोगाने सांगितलं, अशी बाळं तरतील अशी आशा धरायला आधार आहे. आशा! आधी मी मुलीला थांबवायचं आणि मग तिच्या हातावर आशा ठेवायची?

सगळ्या ग्रंथांत एकटा टर्टुलियन म्हणाला, थांबा. म्हणून तीन पानं. यातली सोळा पानं निवडून मी जसिंतालाही पाठवली. तिचं उत्तर नाही.

वर्धमान


वाई, ८ सप्टेंबर २०२४

प्रिय वर्धमान,

पत्र वाचून मी घाटावर जाऊन तासभर बसलो. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण परत येईपर्यंत पुन्हा डोकं फिरलं होतं.

टर्टुलियन तुझी वकिली करणार नाही. तो म्हणत होता, मुलं मोठी होऊ देत, समजू देत, मग येतील. तुझ्या पंचेचाळीस दिवसांशी त्याचा काय संबंध? आणि त्याचं कुणी ऐकलंही नाही. पन्नास वर्षांनी त्याच्याच गावच्या सिप्रियनने सहासष्ट बिशपांना जमवून नेमकं उलटं ठरवलं. हे तुझ्याच पान बावीसवर आहे. निर्दोष सुटण्यासाठी साक्षीदार गोळा करतोयस आणि तेच तुझ्यावर उलटताहेत.

आणि सोळा पानं पाठवलीस? मूल गेलेल्या बाईला? संदर्भसूचीसकट पाठवलीस की तेवढी दया केलीस? तिने विचारलं, ती कुठे आहे. त्याआधी तिला तुझ्याकडून एक वाक्य येणं होतं, 'मी तुला थांबवायला नको होतं.' त्याला पंधराशे शब्द लागत नाहीत. तेवढं लिही आणि पाठव.

नोंद मी दुसऱ्या कुणाकडे देतो. तुझी काट मारलेली सहा पानं कालच रद्दीत टाकली. बाकीची परत हवी असतील तर कळव.

तुझाच, आणि म्हणूनच वैतागलेला,
देवदत्त


सांगली, १४ सप्टेंबर २०२४

देवदत्त भावजींना त्रिशलेचा जय जिनेंद्र.

तुमचं आठ तारखेचं पत्र वाचून हे ते तसंच टेबलावर टाकून बाहेर निघून गेले, म्हणून मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, कळतं मला. पण चाळीस वर्षं ह्यांचं सगळं मीच सुवाच्य करून देते, तेव्हा एवढा हक्क घेतला. ती सहा पानं रद्दीत टाकली असतील तर काढा. आधी काढा, मग पुढचं वाचा.

जसिंताचे टाके पिकले होते, अंगात ताप, म्हणून डॉक्टर तिला पेटीजवळ जाऊ देत नव्हते. ती घरी आणि मी दवाखान्यात. चार जुलैला तिनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. म्हणाली, "आई, बाबांना शब्द दिलाय म्हणून मी फादरांना बोलवत नाही. पण कमीजास्त वाटलं तर तुम्ही तिच्या डोक्यावर पाणी घाला आणि हे म्हणा. कुणीही घातलं तरी चालतं, आम्हाला शिकवलंय." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

सहा तारखेला दुपारी डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि ते बाजूला झाले. मला कळलं. विजयमाला नावाची आया होती, ती म्हणाली, "आवं मावशी, घाला की हात आत. आता कोन न्हाई म्हनतंय?" माझ्याकडे माझीच बाटली होती, घरचं उकळून गाळलेलं पाणी. कापसाचा बोळा भिजवून बाळाच्या डोक्यावर पिळला. पाणी कानाकडे ओघळलं. चिठ्ठीत होतं ते सगळं म्हटलं. मग मला राहवलं नाही, तिच्या कानाशी तोंड नेऊन णमोकारही म्हटला. थोड्या वेळानं ती गेली.

घरी आल्यावर जसिंतानं डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, "नाही गं, वेळच मिळाला नाही."

खोटं बोलले. का बोलले ते रोज स्वतःला विचारते. मला वाटलं, मी कोण? जैन बाई. त्यात दोन्ही मंत्र एकापाठोपाठ म्हणून बसले. मी दोन्हीकडचं केलं म्हणून दोन्हीकडचं वाया घालवलं. कुणीही म्हणजे त्यांच्यातलं कुणीही, असं असणार. ते पाणी चाललंच नसेल तर तिला खोटा धीर कसा देऊ? आणि ह्यांना कोणत्या तोंडानं सांगू की तुमचे पंचेचाळीस दिवस मीच मोडले?

मग ती सहा पानं लिहायला आली. पाणी घालणारा कोण याला महत्त्व नाही, हे वाक्य उतरवताना माझा हात थांबला. पण त्यात सगळे चुकलेले ख्रिस्तीच आहेत, माझ्यासारखीचं काही नाही. ह्यांना विचारावं म्हणून शेवटी ऑगस्टात घरच्या प्रतीतले ते कागद घेऊन गेले, तर ह्यांनी माझ्या हातातून घेऊन त्यावर लाल काट मारली. म्हणाले, हे कुणाच्या उपयोगाचं नाही.

भावजी, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. खरं असेल ते लिहा. माझ्यासारखीनं घातलेलं पाणी चालतं का?

तुमची,
त्रिशला


वाई, १९ सप्टेंबर २०२४

त्रिशलावहिनी,

चालतं. पहिल्याच ओळीत लिहितो, कारण तुमच्या घरात प्रस्तावना पुष्कळ झाल्या.

पानं रद्दीच्या गठ्ठ्यातून काढली. गठ्ठा बांधून झाला होता, शिपाई बडबडला, बडबडू दे. आता तुम्ही खरं मागितलंत, तर सगळं सांगतो. ऑगस्टीनला हा प्रश्न पडला होता: जो स्वतःच ख्रिस्ती नाही, त्याने बाप्तिस्मा दिला तर? आणि तिथे या महापुरुषाने हात वर केले. म्हणाला, हे मोठी धर्मसभा ठरवेल. मी त्या ओळीवर इतका चिडलो की पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडलं. पण त्यानेच रचलेल्या पायावर पुढचे लोक चालत गेले. ८६६ साली बल्गेरियाच्या लोकांनी पोपला विचारलं की आमच्यातल्या अनेकांना एका यहुद्याने बाप्तिस्मा दिला, तो ख्रिस्ती होता की नव्हता कुणास ठाऊक, आता काय करायचं? पोपने कळवलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याच्या नावाने दिला असेल तर झाला, पुन्हा देऊ नका. आणि १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने लिहूनच ठेवलं: वेळ आणीबाणीची असेल तर पुरुष, बाई, ख्रिस्ती नसलेला माणूस, कुणीही देऊ शकतो. शब्द बरोबर हवेत, पाणी हवं, आणि चर्च जे करतं ते करण्याचा हेतू हवा. सूनबाईंना बरोबरच शिकवलं होतं.

एवढ्यावर माझं समाधान होईना. पुण्याचे एक फादर आमच्या ख्रिस्ती नोंदी तपासतात. तुमचं नाव न घेता त्यांना फोन केला. पाणी उकळून गाळलेलं होतं, म्हटलं. ते म्हणाले, "पाणीच होतं ना? डोक्यावरून वाहिलं ना?" नंतर णमोकार म्हटला, म्हटलं. ते म्हणाले, "बाप्तिस्मा त्याआधी पुरा झाला होता. आजीने नंतर कोणती प्रार्थना केली, त्याने तो पुसला जात नाही." हेतूचं काय, असं विचारलं. ते म्हणाले, "आईला जे हवं होतं तेच करायचं होतं ना त्यांना? मग?" मी आणखी एक शंका काढली तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "अहो, ती मुलगी अडीच महिने रडतेय आणि तुम्ही मला पाण्याच्या गाळणीबद्दल विचारताय? आधी तिला कळवा!" आणि फोन ठेवला. मला आयुष्यात क्वचितच कुणी इतकं योग्य झापलं असेल.

तेव्हा वहिनी, आजच वसईला लिहा. खोटं बोललात तेही लिहा, ते लपवून बाकीचं सांगता येणार नाही. वर्धमानलाही तुम्हीच सांगा. हे पाकीट तुमच्या नावाने आहे, तरी आतलं पत्र तो वाचेल, त्याआधी सांगा.

तुमचा,
देवदत्त


सांगली, २६ सप्टेंबर २०२४

देवदत्त,

टर्टुलियनची तीन पानं काढ. 'परक्याने दिलेला बाप्तिस्मा' हा भाग परत घाल आणि त्याला बल्गेरिया आणि फ्लॉरेन्स जोड. शब्द वाढले तर लेखकाचं नाव गाळ.

त्रिशलेने मला सांगितलं. मी काट मारली तेव्हा ती टेबलाशी उभी होती आणि काहीतरी विचारू पाहत होती, हे आता आठवतं. चाळीस वर्षं मला वाटत आलं की ती फक्त अक्षर काढते. तिने वसईला लिहिलं आहे.

मी अजून लिहिलेलं नाही. बसतो आणि उठतो.

वर्धमान


वसई, २ ऑक्टोबर २०२४

आई,

फोनवर बोलले तर ओरडेन, म्हणून लिहितेय. तुमचं पत्र वाचलं तेव्हा ओरडलेच. मम्मीने खिडक्या लावल्या.

तीन महिने, आई! तीन महिने मी रोज चर्चमध्ये बसते आणि तिच्यासाठी काय मागायचं तेच मला कळत नाही. आत घे म्हणू, की आत आहे तर सांभाळ म्हणू? आणि तुम्हाला माहीत होतं. तुम्ही रोज फोन करून मला जेवलीस का विचारत होता आणि हे सांगत नव्हता. तुम्हाला काय वाटलं, मी म्हणेन जैन हातांनी का घातलं? मी स्वतः तुमच्या हातात चिठ्ठी दिली होती! सम्मेदच्या हातात नाही दिली, तुमच्या दिली. तुमच्यावर भरवसा होता म्हणून दिली. आणि तुम्ही मला अर्धवट तत्त्वज्ञान करून, दोन्ही मंत्र म्हटल्याने पाणी वाया गेल्याची गोष्ट सांगताय.

बाबांचं तर बोलूच नका. सोळा पानं! मी सगळी वाचली, वेड्यासारखी दोनदा वाचली. कुठेतरी मध्ये, निदान तळटीपेत, त्यांनी मला काही म्हटलं असेल म्हणून शोधत राहिले. टर्टुलियनला काय वाटलं ते मला कळलं. माझ्या सासऱ्याला काय वाटलं ते अजून माहीत नाही. मीही तेव्हा 'बरं बाबा' म्हटलं, त्याचा राग वेगळाच आहे आणि तो माझा मला आहे.

तुमचं पत्र मी इथल्या फादरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, झालाय. पूर्ण झालाय. मी तिथेच पायरीवर बसून खूप रडले, आई. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मग पुन्हा तुमचा राग आला.

फादर म्हणतात, नोंदवहीत लिहावं लागेल. तारीख सहा जुलै, पाणी घालणारी व्यक्ती तुम्ही. पण चिठ्ठीत मी नावाची जागा मोकळी सोडली होती, कारण आमचं दोघांचं एक नाव ठरत नव्हतं. तुम्ही तिथे काय म्हणालात? तेवढं ताबडतोब कळवा. कोड्यात घालू नका.

जसिंता


सांगली, ७ ऑक्टोबर २०२४

चि. जसिंता,

ओरडलीस ते बरं केलंस. आम्ही आल्यावर समोर बसवून पुन्हा ओरड. मी खोटं बोलले, त्याला कसलीही सबब नाही. तू जेवलीस का, हे विचारताना रोज ते माझ्या तोंडापर्यंत यायचं आणि मी गिळायचे. माझं चुकलं, पोरी.

बाबा इथे शेजारीच बसलेत. तुला लिहायचं म्हणून सकाळपासून चार कागद झाले. एक तर 'इसवी सन दोनशेच्या सुमारास' असाच सुरू होत होता, तो मी त्यांच्या हातातून घेऊन फाडला. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचा कागद फाडला. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "आपणच जाऊ." गुरुवारी निघतोय, सम्मेदही येतोय. त्यांना काय म्हणायचंय ते त्यांनी तुझ्यासमोर तोंडानं म्हणायचं आहे. मी मध्ये बोलणार नाही आणि यातला एक शब्दही सुवाच्य करून देणार नाही. नीट म्हणाले नाहीत तर दारातून परत पाठव, मी तुझ्याकडे राहीन.

आता नावाचं. चिठ्ठी वाचत वाचत मी त्या मोकळ्या जागेशी आले आणि अडले. बारसं झालं नव्हतं. माझ्या मनात दोन-तीन नावं होती, खोटं कशाला बोलू, पण ती घ्यायचा हक्क माझा नव्हता. बाहेर येऊन तुला फोन करायला वेळ नव्हता. पेटीच्या काचेवर नर्सनं चिकटपट्टी लावली होती. नवीन बाळाचं नाव नसतं, म्हणून तिथे आईचं लिहितात. मी तेच वाचलं, मोठ्यानं वाचलं. "जसिंता, मी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तुझा बाप्तिस्मा करते."

तुझ्या मुलीचं नाव जसिंता आहे. फादरांना तसंच लिहायला सांग.

तुझी,
आई